मानेला मार लागल्यावर: मज्जारज्जू, पहिला तास आणि त्यानंतरचं वर्ष

मानेच्या दुखापतीचा पेशंट वॉर्डात आला की नातेवाईकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, चालेल ना हो हा?" प्रश्न साहजिकच आहे. पण फिजिओथेरपिस्ट म्हणून त्या वेळी माझं लक्ष पायांपेक्षा मनगटाकडे जास्त असतं. मनगट वर उचलता येतंय का? कोपर जोर लावून सरळ होतंय का? पुढची दहा-वीस वर्षं कशी जातील याचा अंदाज बऱ्याचदा इथूनच येतो. मानेत तीन-चार बोटांच्या अंतरात श्वास, खांदा, कोपर, मनगट आणि बोटं यांच्या नसा एकाखाली एक लागलेल्या आहेत. दुखापत एक पायरी खाली झाली की माणूस स्वतःच्या हाताने जेवतो, एक पायरी वर झाली की दुसऱ्याने भरवावं लागतं. म्हणून अपघाताच्या जागेपासून घरातल्या पलंगापर्यंत सगळी धडपड या एकेका पायरीसाठी असते.

हा लेख घरच्यांसाठी आहे. औषधांचे डोस इथे मिळणार नाहीत, ते डॉक्टरांचं काम. पण डॉक्टर राउंडला पाच मिनिटं येतात आणि उरलेला दिवस तुमचा असतो.

मानेत नेमकं काय बिघडतं

मानेत मणके सात आणि नसांच्या जोड्या आठ. मणक्यांच्या मधल्या पोकळीतून करंगळीच्या जाडीचा मज्जारज्जू खाली उतरतो आणि साधारण कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. हातपाय, श्वास, लघवी, संडास, घाम, रक्तदाब या सगळ्यांचे निरोप त्यातूनच जातात येतात.

हाड मोडणं आणि मज्जारज्जूला इजा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मणका मोडूनही मज्जारज्जू शाबूत राहिलेले पेशंट असतात. अशा माणसाला कुणी धसमुसळेपणाने उचललं, तर तिथेच घात होऊ शकतो. उलटंही घडतं. सत्तरीचे आजोबा मोरीत घसरतात, हनुवटी किंवा कपाळ आपटतं, मान झटक्याने मागे जाते. एक्स-रेवर हाड मोडलेलं दिसत नाही, पण दोन्ही हात लुळे पडतात आणि पाय मात्र बऱ्यापैकी चालतात. घरचे म्हणतात लकवा मारला. वयामुळे मणक्यांची झीज होऊन पोकळी आधीच अरुंद झालेली असते, त्यात मज्जारज्जूच्या मधल्या भागाला मार बसतो, म्हणून पायांपेक्षा हात जास्त जातात. याला सेंट्रल कॉर्ड सिंड्रोम म्हणतात. म्हातारं माणूस पडल्यानंतर हातात मुंग्या येत असतील किंवा शर्टाचं बटण लागेनासं झालं असेल, तर एक्स-रे चांगला आला म्हणून गप्प बसू नका. मज्जारज्जू एक्स-रेत दिसत नाही, त्याला एमआरआय लागतो.

मज्जारज्जूची इजा दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा धडकेच्या क्षणी, त्यावर कुणाचाच ताबा नाही. दुसरा टप्पा पुढचे काही तास आणि दिवस चालतो. सूज येते, आतल्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त झिरपतं, पुरवठा कमी पडतो आणि वाचलेल्या पेशीही मरू लागतात. सगळे तातडीचे उपचार हे दुसरं नुकसान थोपवण्यासाठी असतात.

पहिला तास

आपल्याकडे हे अपघात कुठे होतात ते ठाऊक असलेलं बरं. दुचाकीचे अपघात, इमारतीच्या परांचीवरून, माडावरून किंवा आंब्याच्या झाडावरून पडणं, उन्हाळ्यात उथळ झालेल्या विहिरीत सूर मारणं आणि दहीहंडीचा थर कोसळणं. दहीहंडीला राज्य सरकारने २०२२ मध्ये साहसी खेळाचा दर्जा दिला, पण मान कशी सांभाळायची हे पथकातल्या प्रत्येकाला येत असेल तरच त्याचा उपयोग. तळाच्या गोविंदाच्या मानेवर वरून माणसं कोसळतात, आणि दोन मिनिटांत मित्र त्याला काखेत धरून उभा करायला बघतात. प्रेमापोटीच, पण घात तिथेच होतो.

उंचावरून पडलेला, डोक्यावर आपटलेला, मान दुखतेय म्हणणारा, हातापायांत मुंग्या किंवा बधिरपणा सांगणारा आणि बेशुद्ध असलेला, या प्रत्येकाची मान मोडली आहे असंच धरून चाला. नंतर काही निघालं नाही तर उत्तमच.

१. जागेला धोका नसेल तर माणूस हलवू नका. १०८ ला फोन करा आणि "मानेला मार आहे" हे शब्द सांगा. मदत करणाऱ्याला पोलिसांचा किंवा खर्चाचा त्रास होऊ नये म्हणून मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आहे, तेव्हा त्या भीतीने मागे राहू नका.

२. एकाने डोक्यामागे गुडघे टेकून बसावं आणि दोन्ही तळहातांनी डोकं जसं आहे तसं धरावं. ओढायचं नाही, सरळ करण्याचा हट्ट नाही. सरळ करताना दुखलं किंवा अडलं तर तिथेच थांबा. एकदा धरलं की ॲम्ब्युलन्सवाले ताबा घेईपर्यंत सोडायचं नाही.

३. हेल्मेट ओढून काढू नका. काच वर करा, पट्टा सोडा. श्वास चालत नसेल आणि हेल्मेट आड येत असेल तरच काढा, तेही दोघांनी मिळून. एकाने खालून मानेला आधार द्यायचा, दुसऱ्याने दोन्ही बाजू फाकवून हळूहळू सरकवायचं.

४. श्वास बघा. घशात घरघर असेल तर मान मागे न वाकवता खालच्या जबड्याचे कोपरे दोन्ही बाजूंनी पुढे ढकला. श्वास बंदच असेल तर छातीवर दाब द्यायला सुरुवात करा, मानेच्या काळजीने जीव घालवू नका.

५. उलटी येत असेल तर डोकं, खांदे आणि कंबर एका रेषेत ठेवून सगळं अंग एकदम कुशीवर वळवा. डोकं धरणाऱ्याने "एक, दोन, तीन" म्हणायचं आणि बाकीच्यांनी त्याच तालावर वळवायचं.

६. तोंडात पाणी घालू नका. मागच्या खिशातलं पाकीट, किल्ल्या आणि मोबाइल काढून घ्या. हे कुणाच्या लक्षात येत नाही. बधिर झालेल्या ढुंगणाखाली किल्ल्यांचा जुडगा तीन-चार तास राहिला तर तिथली कातडी मरते आणि ती जखम भरायला महिने जातात.

७. विहिरीत किंवा नदीत असेल तर घाईघाईने काठावर ओढू नका. पाण्यातच उताणा करा, तोंड वर ठेवा आणि तरंगता धरून फळी येईपर्यंत थांबा.

ॲम्ब्युलन्स पोचूच शकत नाही अशी वाडी-वस्ती असेल तर सपाट दार किंवा रुंद फळी शोधा. डोक्याच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेले टॉवेल लावा, कपाळावरून आणि छातीवरून पट्टी बांधा आणि टेम्पोत आडवं न्या. रिक्षात बसवून नेणं नको म्हणजे नकोच. मेडिकलमध्ये मिळणारी मऊ स्पंजची कॉलर मान धरून ठेवत नाही, तिच्या भरवशावर माणसाला बसवू नका. फळी फक्त वाहतुकीपुरती. कॅज्युअल्टीत पोचल्यावर "फळीवरून लवकर उतरवा" असं आठवणीने सांगा, कारण बधिर पाठीला फळीसुद्धा बोचते.

हाडवैद्याकडे मान बसवून घेणं आणि केस कापून झाल्यावर सलूनमध्ये मान मोडून घेणं, याबद्दल एकच सांगते. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या असतात आणि झटक्याने त्यांचा आतला थर फाटू शकतो. मार लागलेल्या मानेला तर कुणाचाही हात लागता कामा नये.

पहिले दिवस: डॉक्टरांना काय विचारायचं

मार मोठा असेल तर सीटी स्कॅन आणि एमआरआय होतात. ऑपरेशन ठरतं तेव्हा दोन गोष्टी समजून घ्या. प्लेट-स्क्रू लावून मणके पक्के करणं आणि मज्जारज्जूवरचा दाब काढणं एवढंच ऑपरेशन करतं. तुटलेल्या तंतूंना सांधणारं ऑपरेशन अजून नाही. दुसरं म्हणजे दाब काढायचा असेल तर शक्यतो पहिल्या २४ तासांत काढावा, अशी आजची शिफारस आहे. पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत थांबू असं म्हणू नका. रस्त्यावरचा अपघात असेल तर केंद्र सरकारच्या २०२५ च्या योजनेखाली ठरवलेल्या रुग्णालयांत अपघाताच्या दिवसापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे कॅशलेस उपचार मिळतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेची माहिती देणाऱ्या माणसाला) त्याच दिवशी विचारा.

रक्तदाबाकडे लक्ष ठेवा. मानेच्या इजेत रक्तदाब खाली जातो आणि नाडीही मंद होते. रक्तस्रावाने दाब उतरला तर नाडी पळते, इथे उलटं. दाब उतरला की सुजलेल्या मज्जारज्जूला रक्त पुरत नाही, म्हणून पहिला आठवडाभर सरासरी रक्तदाब (मीन प्रेशर, वरच्या आणि खालच्या आकड्यांच्या मधला) साधारण ८५ ते ९० च्या आसपास राखायचा प्रयत्न असतो. आयसीयूत "आज मीन प्रेशर किती राहिलं?" असं विचारलंत तर डॉक्टर तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघतील.

स्टिरॉइडचं मोठं इंजेक्शन एके काळी प्रत्येकाला दिलं जायचं. आता तसं नाही. फायदा थोडा आणि संसर्गाचा, पोटातल्या रक्तस्रावाचा धोका खरा, म्हणून काही डॉक्टर देतात, काही देत नाहीत. आठ तास उलटून गेल्यावर ते सुरू करण्यात अर्थ नाही. दिलं नाही म्हणून भांडू नका.

पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून पोटावर घ्यायची इंजेक्शनं साधारण तिसऱ्या दिवसाच्या आत सुरू होतात. ती कधी सुरू होणार हे विचारून ठेवा.

रिपोर्ट कसा वाचायचा

फाइलवर "सी-५, सी-६ फ्रॅक्चर" असं लिहिलेलं असतं, म्हणजे मानेचा पाचवा, सहावा मणका. ती हाडाची जागा झाली. मज्जारज्जू कुठपर्यंत शाबूत आहे, ते वेगळं तपासून ठरवतात, टाचणी आणि कापसाने संवेदना बघून आणि एकेक स्नायू तपासून. तुम्ही मागायचा कागद तो: ॲशिया स्कोअर.

वरून खाली असं बघा. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या नसेवर श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला श्वासाचा पडदा, चालतं. इजा त्याच्या वर असेल तर व्हेंटिलेटर लागतो. पाचवी नस शाबूत असेल तर खांदा हलतो आणि कोपर वाकतं, हात तोंडाशी जातो. बोटांत चमचा धरता येत नाही, पण तळहाताच्या पट्ट्यात खोचून देता येतो. सहावी असेल तर मनगट वर उचलतं. सातवी असेल तर कोपर जोराने सरळ होतं. याचं महत्त्व घरात कळतं: कोपर ताठ करून पलंगावर रेटा दिला की ढुंगण उचललं जातं आणि माणूस स्वतः व्हीलचेअरवर सरकतो. आठवी असेल तर बोटं मिटतात.

मग ग्रेड: ए, बी, सी, डी, ई. सगळ्यात खालच्या नसांपर्यंत, म्हणजे गुदद्वारापाशी, काही कळतंय का आणि तिथे आवळता येतंय का यावर पहिला भेद ठरतो. ही तपासणी करताना पेशंट संकोचतात, पण तीच सगळ्यात मोलाची आहे. तिथे काहीच नसेल तर ए, संपूर्ण इजा. स्पर्श कळतो पण हालचाल नाही ती बी. इजेखाली हालचाल आहे पण बहुतेक स्नायू गुरुत्वाविरुद्ध उचलत नाहीत ती सी, निम्मे किंवा जास्त उचलतात ती डी. ई म्हणजे सगळं परत आलं.

पहिल्याच दिवशीच्या ग्रेडवर आयुष्याचा हिशेब मांडू नका. सुरुवातीला मज्जारज्जू इजेखाली सुन्न होतो, अंग लोळागोळा पडतं. औषधांची गुंगीही असते. साधारण ७२ तासांनंतरची तपासणी जास्त भरवशाची.

छाती

मानेच्या इजेत पहिल्या आठवड्यांत सगळ्यात मोठा धोका छातीचा. श्वासपटल चालत असलं तरी बरगड्यांचे आणि पोटाचे स्नायू गेलेले असतात, त्यामुळे खोकला लागत नाही आणि कफ तुंबून न्यूमोनिया होतो. फिजिओकडून आधाराचा खोकला शिकून घ्या. पेशंटने खोल श्वास घ्यायचा आणि त्याने खोकायला सुरुवात केली की तुम्ही तळहाताने बेंबीच्या वर आत आणि वरच्या दिशेने दाब द्यायचा. ताल जुळला की कफ बाहेर येतो. ताजं ऑपरेशन असेल किंवा बरगडी मोडली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

एक गोष्ट सगळ्यांना उलटी वाटते. दम लागला की आपण माणसाला उठवून बसवतो. मानेच्या पेशंटला बऱ्याचदा आडवं असताना श्वास बरा घेता येतो, कारण बसल्यावर पोट पुढे लोंबतं आणि श्वासपटल खाली ओढलं जातं. बसवताना पोटाला रुंद पट्टा बांधा. तो पट्टा रक्तदाब उतरून चक्कर येण्यावरही उपयोगी पडतो. पहिल्यांदा बसवताना पलंगाचं डोकं थोडंथोडं वर करत जा.

बोटं सरळ करायचा हट्ट

हा भाग जरा लांबवते, कारण इथे प्रेमाने नुकसान होतं.

रत्नागिरीकडचा एक आंबे काढणारा गडी होता. सहावी नस शाबूत, मनगट उचलायचं, बोटं निर्जीव. त्याची आई रोज सकाळ-संध्याकाळ खोबरेल लावून त्याची बोटं मनगटासकट पार मागे वाकवायची, आखडू नयेत म्हणून. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "आई, थांबा. बोटं थोडी आखडू देत." तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मग तिच्यासमोर त्याला मनगट वर करायला सांगितलं. मनगट वर गेलं तशी बोटं आपोआप आत वळली आणि अंगठा तर्जनीच्या कडेला टेकला. मधे दुमडलेला कागद ठेवला तर धरला गेला. मनगट खाली सोडलं, कागद पडला.

याला टेनोडेसिस पकड म्हणतात. बोटांच्या शिरा, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, किंचित आखूड असतील तरच ती जमते. या पकडीवर पेशंट ब्रश, चमचा, पेन आणि मोबाइल धरतो. त्याच शिरा ताणून सैल केल्या तर पकड गेली. म्हणून नियम असा: मनगट वर असताना बोटं मिटलेली ठेवायची, बोटं सरळ करायची असतील तेव्हा मनगट खाली सोडायचं. दोन्ही एकदम ताणायचं नाही. हातावर रेटा देऊन बसतानाही बोटं मुठीत, पंजा पसरून नाही.

खांदा, कोपर, कंबर, गुडघा, घोटा रोज पूर्ण हलवा, पण हळू. पाचव्या नसेच्या पेशंटचं कोपर वाकलेल्या अवस्थेतच आखडतं, कारण सरळ करणारा स्नायू नसतो, तेव्हा ते रोज सरळ करून ठेवा. एका पायाला सूज आली आणि तो गरम लागला तर मालीश बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. आत रक्ताची गाठ असू शकते आणि पेशंटला दुखणं कळत नाही.

लघवी आणि संडास

यावर बोलायला घरात कुणालाच आवडत नाही. पण एके काळी हे पेशंट मूत्रपिंडं निकामी होऊनच जायचे.

सुरुवातीला नळी आणि पिशवी असते. पुढे शक्य असेल तर दर ४ ते ६ तासांनी स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं आणि नळी काढून टाकायची, ही पद्धत चांगली. एका वेळी ५०० मिलीपेक्षा जास्त लघवी निघत असेल तर वेळा जवळ आणा. सहाव्या नसेच्या वरच्या पेशंटला हे स्वतः जमत नाही. घरात दिवसरात्र करणारं कुणी नसेल तर बेंबीखालून कायमची नळी बसवून घेणं जास्त व्यवहार्य ठरतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. नळी वापरणाऱ्याच्या लघवीच्या तपासणीत जंतू सापडणारच. ताप, थंडी, पायांचे झटके वाढणं यांपैकी काही नसेल तर दर रिपोर्टमागे अँटिबायोटिक घेत बसू नका, पुढे ती लागूच पडत नाहीत.

संडाससाठी वेळ ठरवा आणि ती मोडू नका. जेवणानंतर अर्ध्या तासाने आतडी आपसूक हलतात, ती वेळ धरा. डाव्या कुशीवर किंवा कमोड खुर्चीवर, सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची गोळी), मग हातमोजा आणि जेली लावून बोट हलकेच गोल फिरवणं. सिस्टरकडून डिस्चार्जच्या आधी शिकून घ्या. रोज किंवा दिवसाआड, पण त्याच वेळी. काही आठवड्यांत शरीराला सवय लागते आणि अवेळी होणारी फजिती कमी होते.

डोकं फुटेल असं दुखणं: हा प्रकार पाठ करा

छातीच्या सहाव्या नसेच्या वर इजा असलेल्यांना, म्हणजे मानेच्या सगळ्याच पेशंटना, एक खास धोका असतो: ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया. इजेखाली काहीतरी बोचतं, तुंबतं किंवा टोचतं. मेंदूला ते कळत नाही, पण मज्जारज्जू आपल्या आपण रक्तवाहिन्या आवळतो आणि रक्तदाब भडकतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, इजेच्या वर घाम फुटतो, अंगावर काटा येतो, नाक चोंदतं. या पेशंटचा नेहमीचा वरचा रक्तदाब ९० ते ११० असतो, त्यामुळे १४० हा आकडा त्याच्यासाठी धोक्याचा आहे. दुर्लक्ष केलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

१. लगेच बसतं करा, पाय खाली सोडा. आडवं मुळीच करू नका.

२. पट्टा, मोजे, पँटचं बटण, पिशवीच्या पट्ट्या सैल करा.

३. लघवी बघा. नळी पिळली आहे का, पायाखाली दबली आहे का, पिशवी गच्च भरली आहे का? नळी तुंबली असेल तर बदला. नळी नसेल तर घाला. दहापैकी बऱ्याच वेळा कारण इथेच सापडतं.

४. मग संडास. बधिर करणारी जेली लावून, दोन-चार मिनिटं थांबून खडा काढा.

५. मग कातडी: चादरीची घडी, जखम, आत वाढलेलं नख, खाली अडकलेली वस्तू.

६. या सगळ्या वेळात रक्तदाब मोजत राहा. कारण सापडत नसेल किंवा दाब उतरत नसेल तर ताबडतोब दवाखाना.

रक्तदाबाचं यंत्र घरात हवंच. आणि ही पानभर माहिती, पेशंटचा नेहमीचा रक्तदाब लिहून, व्हीलचेअरच्या खिशात ठेवा. तालुक्याच्या गावी रात्रपाळीच्या डॉक्टरने हा प्रकार पाहिलेला असेलच असं नाही.

कातडी

दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. एअर बेड आणला म्हणजे कूस बदलायला नको, हा समज खोटा. माकडहाड, टाचा, मांडीच्या बाहेरचं हाड आणि ढुंगणाची हाडं रोज टॉर्च लावून बघा. पुस्तकात लिहिलेलं असतं "लालसर डाग". आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे हात लावून बघा: शेजारच्या भागापेक्षा गरम, टणक किंवा काळपट लागत असेल तर तो भाग पूर्ण मोकळा ठेवा. व्हीलचेअरवर दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकवून मिनिट-दोन मिनिटं भार काढा. हवेची गोल रिंग वापरू नका, तिच्या कडेने रक्तपुरवठा तुटतो. शेकायला गरम पाण्याची पिशवी तर अजिबात नको. बधिर पायावर फोड येतात आणि सकाळी चादर ओली झाल्यावर कळतं.

इजेखाली घाम येत नाही, त्यामुळे एप्रिल-मे मध्ये अंग तापत जातं. ओलं फडकं, पाण्याचा फवारा आणि पंखा हाताशी ठेवा. ताप दिसला तर आधी खोलीचं तापमान बघा, मग क्रोसिन.

किती सुधारेल, कधीपर्यंत

सगळ्यात जोराची सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत, त्यानंतर मंद गतीने वर्षभर. पुढेही थोडंफार मिळतं, विशेषतः अपुऱ्या इजेत, म्हणजे बी, सी, डी ग्रेडमध्ये. ए ग्रेडचा पेशंट चालण्याची शक्यता कमी असते, हे लपवू नये. बी ग्रेडमध्ये खालच्या भागात टाचणी टोचलेली कळत असेल तर आशा बरीच वाढते. सी ग्रेडच्या तरुणांपैकी बरेच आणि डी ग्रेडमधले बहुतेक जण चालू लागतात. आणि ए ग्रेडमध्येही मानेच्या पेशंटना बहुधा एक पायरी परत मिळते. पाचव्याचा सहावा होतो, सहाव्याचा सातवा. कागदावर क्षुल्लक दिसतं, पण सहाव्याचा सातवा झाला की पलंगावरून खुर्चीवर जायला माणूस बोलवावा लागत नाही.

पाय अचानक उडायला लागले की घरात आनंदीआनंद होतो. बहुतेकदा ते झटके म्हणजे स्पॅस्टिसिटी असते. ठरवून हलवता येतं का, हीच कसोटी. त्यावर बॅक्लोफेनसारखी गोळी चालू असेल तर ती एकदम बंद करू नका.

स्टेम सेलचा विषय निघतोच. लाखो रुपये मागणारी सेंटर्स आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मज्जारज्जूच्या इजेसाठी हे उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर द्यायला मुभा नाही, आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. कुणी पैसे मागितले की उत्तर मिळालंच. विद्युत उत्तेजनाकडे मात्र लक्ष ठेवण्यासारखं आहे. मानेच्या कातडीवरून मज्जारज्जूला सौम्य प्रवाह देणाऱ्या एआरसी-ईएक्स या उपकरणाला अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपकरणांना परवानगी देणाऱ्या संस्थेने) डिसेंबर २०२४ मध्ये परवानगी दिली. ते अपुऱ्या इजेच्या जुन्या पेशंटच्या हातांसाठी आहे आणि व्यायामासोबतच वापरायचं आहे.

खरा फरक पुनर्वसनाने पडतो. मणका बसला, टाके निघाले, की घरी पाठवलं जातं आणि नेमका मोलाचा काळ पलंगावर जातो. डिस्चार्जआधीच जागा शोधा. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. दिल्लीत वसंत कुंजचं इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर आहे. वेल्लोरच्या सीएमसीचं पुनर्वसन केंद्र डॉ. मेरी व्हर्गीस यांच्या नावाने आहे. त्या तरुणपणी अपघातात कमरेखाली पांगळ्या झाल्या आणि व्हीलचेअरवर बसून शस्त्रक्रिया करत राहिल्या. सैनिकांसाठी पुण्यात खडकीला केंद्र आहे.

कागदपत्रं आणि पुढच्या वर्षांची तपासणी

रस्त्याचा अपघात असेल तर एफआयआर, पंचनामा आणि सगळी बिलं एका फाइलमध्ये ठेवा. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा आहे असं धरूनच वकील गाठा. यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) अर्ज ऑनलाइन होतो. ते हातात आलं की संजय गांधी निराधार योजना, एसटी-रेल्वेची सवलत आणि बाकीच्या योजनांची दारं उघडतात.

घरात आधी दरवाजाची रुंदी मोजा आणि मगच व्हीलचेअर घ्या. भेट मिळालेली रुंद खुर्ची मोरीच्या दारात अडकते, हे नेहमीचं.

नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल डॉक्टर आपणहून बोलत नाहीत, तुम्ही विचारा. बाईची पाळी पुन्हा सुरू झाली की तिला मूल होऊ शकतं. पुरुषांसाठीही वैद्यकीय मदतीने मार्ग आहेत. पहिल्या वर्षात पेशंट गप्प गप्प राहू लागला, जेवण टाळू लागला, तर तो आळस समजू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या.

दरवर्षी मूत्रपिंडाची सोनोग्राफी आणि क्रिॲटिनिन करा. आणि सगळं स्थिरावल्यावर, कितीही वर्षांनी, आलेली ताकद परत जाऊ लागली, बधिरपणा वर सरकू लागला किंवा खोकताना मानेत-खांद्यात नवीन कळ येऊ लागली, तर लगेच एमआरआय करून घ्या. मज्जारज्जूत पाण्याची पोकळी तयार होऊ शकते आणि ती वेळेवर सापडली तर वाढण्याआधी शस्त्रक्रियेने थांबवता येते.